बिनधुराची शेगडी

बाळंतिणीच्या खोलीत काय पेटवायचं यावरून आमच्या घरात जी मारामारी झाली, ती मी बाजेवर बसून पाहिली. आठवा महिना सरत आला होता आणि चटकन उठता येत नव्हतं, म्हणून बसून. नाहीतर मीही त्यात पडले असते. मला गरीब गाय समजण्याची चूक सासरच्या माणसांनी पहिल्या सहा महिन्यांतच सोडून दिली होती.

गाव तापीकाठचं. नंदुरबारला बैलगाडीने जायला अर्धा दिवस लागायचा. सासऱ्यांची कापसाची काळी जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, आणि एकुलता एक मुलगा होता, तो माझा नवरा. त्याला शेतीत रस नव्हता. कापूस निघाला की तो नंदुरबारच्या एका जीनमध्ये आगवाला म्हणून जायचा. आगवाला म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. सरकीतून रुई वेगळी करणारी सगळी यंत्रं त्या भट्टीवर चालायची, आणि तो ते असं सांगायचा की जणू आख्ख्या खानदेशाचा कापूस त्याच्याच फावड्यावर चालला आहे. आग त्याला खरंच कळायची. ज्वाळेच्या रंगावरून तो वाफ किती चढली ते सांगायचा. माणसं मात्र त्याला कधी कळली नाहीत.

माझं पहिलं मूल याच घरात गेलं. मुलगा होता, सव्वा महिन्याचा. आमच्याकडची रीत अशी की बाळंतिणीची खोली सगळीकडून बंद करायची. भिंतीतले झरोके चिंध्यांनी बुजवायचे, दाराला आतून अडसर, दाराच्या फटीला गोधडी. तिला वारा लागू नये, बाळाला कुणाची नजर लागू नये. बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा. तो विस्तव महिनाभर विझू द्यायचा नाही. उघडं राहायचं ते एकच, धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं हातभर रुंदीचं भोक. त्याला आम्ही साणं म्हणतो. धूर त्यातून जायचा, पण सगळा जायचा नाही. मी महिनाभर डोळे चोळत होते आणि पोरगं खोकत होतं. खोकून खोकून ते निळं पडलं आणि एका सकाळी खोकायचं थांबलं.

नवरा जीनमधून आला. आधी रडला. मग त्याने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली आणि मला मारलं. माझा एक दात तेव्हा गेला. सासू दारात उभी होती, ती मधे पडली नाही. मी ओरडले का नाही ते विचारू नका. मला वाटत होतं, मारू दे, कुणीतरी कुणाला तरी मारायलाच पाहिजे.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हे मूल जगलं पाहिजे. मुलगा असो, मुलगी असो, काळं असो, वेडंवाकडं असो, जगलं पाहिजे. माझे वडील शहाद्याकडे शाळामास्तर होते, त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. त्या चार इयत्तांत देवाला पत्र कसं लिहायचं ते असतं तर मी रोज एक लिहिलं असतं.

त्या पौषात नवरा दोन पोती दगडी कोळसा गाडीत घालून घेऊन आला. अंगणात पोती उतरवली आणि सरळ आत गेला. बाळंतपणासाठी सासूने कोपऱ्यात गोवऱ्यांची थप्पी रचून ठेवली होती. पावसाळा संपल्यापासून तिने त्या स्वतःच्या हाताने थापल्या होत्या, वाळवल्या होत्या, उलट्यापालट्या केल्या होत्या. त्याने लाथ घातली. थप्पी कोसळली. त्याने आणखी लाथा घातल्या, गोवऱ्यांचा भुगा झाला, खोलीभर शेणाची धूळ उडाली.

"ह्या गवऱ्यासना धूरनी मन्हा पोऱ्या खादा!" तो ओरडला. "आते या घरमा गवरी पेटनी, ते मी घर पेटाडी देसू!"

सासू काही मऊ बाई नव्हती. तिने चुलीतला चिमटा उचलला आणि त्याच्या दंडावर हाणला. चिमटा तापलेला होता.

"तू बी याच धूरमा जल्मना! मरना नही ना?"

तो कळवळला आणि त्याने तिला ढकललं. ती जात्यावर आपटली, कपाळ फुटलं. तेवढ्यात सासरे शेतातून आले. त्यांनी काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. हातातली पितळी चरवी त्यांनी भिरकावली, ती त्याच्या कानशिलाला लागली. मग बापलेक एकमेकांना भिडले. मी बाजेवर बसून, पदराआडून, पोटावर हात धरून नवऱ्याला ओरडत होते, "अहो, थांबा, मी इथेच बाळंत होईन!" कुणी ऐकलं नाही. शेजारचे चार जण आले तेव्हा ते सुटले. नवऱ्याच्या कानातून रक्त येत होतं. सासू कपाळावर हळद दाबून भुग्यातून साबूत गोवऱ्या निवडत बसली होती.

घरात मग दोन बाजू झाल्या. सासूचं म्हणणं, बाळंतिणीला गोवरीचाच शेक लागतो, मंद आणि सारखा, दगड जाळून कुणाची बाळंतीण बरी होते का. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भडकतात आणि विझतात, जंगलातून येणाऱ्या मोळ्या ओल्या असतात, राहिली गोवरी. नवऱ्याचं म्हणणं, दगडी कोळसा अंगणात पेटवायचा, काळा धूर संपेपर्यंत बाहेर ठेवायचा, लाल झाला की शेगडी आत न्यायची. मग धूर नाही, राख थोडी, आणि एकदा लाल झाला की प्रहर प्रहर तसाच. सासरे कुणाच्याच बाजूने नव्हते. त्यांचा राग फक्त मुलावर होता.

मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी कोळशाच्या बाजूने बोलले असते. मला त्याचा संताप यायचा, पण या एका गोष्टीत तो बरोबर बोलत होता असं मला वाटत होतं. माझं पोरगं धुराने गेलं होतं. धूर नको. त्याने अंगणात शेगडी पेटवून दाखवली. घोंगडीच्या रंगाचा धूर गेला, निखारे फुलले, आणि त्यांच्यावर नुसती हवा थरथरत होती. सासूनेही ते पाहिलं. तिने तोंड वाकडं केलं, पण पाहिलं, आणि मग गोवऱ्यांचा हट्ट सोडला.

मुलगी झाली. लहानशी होती पण रडली अशी की अंगणातले बैल उठून उभे राहिले. नवरा दोन दिवस घरी राहिला, शेगडी भरायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला जीनवर जायचं होतं. गाडी जुंपलेली होती. सासू परसात होती. तो खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला आणि आत डोकं घालून मला ओरडला:

"साणं उघडं ठेवजो! कोयसानी हवा मरस. साणं झाकेल दिसनं ते हाडं मोडी टाकसू तुन्ही!"

हे त्याने मला सांगितलं. एकटीला सांगितलं. मी ते ऐकलं. आता इतक्या वर्षांनी मी काही लपवत नाही.

पण त्याचं सगळंच बोलणं असं असायचं. आमटीत मीठ जास्त झालं तरी हाडं मोडायची, बैलाला पाणी उशिरा दाखवलं तरी हाडं मोडायची. त्याच्या ओरडण्यातून खरं काय आणि शिवी काय हे निवडायचं मी कधीच सोडून दिलं होतं. साण्याची गोष्ट मी त्याच ढिगात टाकली. बरं, हवा मरते म्हणजे काय ते तरी मला कुठे माहीत होतं? जीनच्या भट्टीला विटांचं उंच धुराडं होतं, ते मी लांबून पाहिलं होतं. ते धुरासाठी असतं एवढंच मला ठाऊक. धूर नसला तर धुराडं कशाला?

पाचव्या दिवशी मावठ झालं. सकाळपासून आभाळ खाली आलं होतं, वारा सुटला होता, आणि दुपारी गारांसकट पाऊस सुरू झाला. साण्यातून थेंब पडायला लागले, ते सरळ बाजेवर. मी बाळाला या कुशीवरून त्या कुशीवर घेत होते. एक गार तिच्या दुपट्यावर पडली. तिचे पाय बर्फासारखे गार झाले. मला पहिल्याचे निळे ओठ आठवले आणि मी वेड्यासारखी झाले. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, ते साणं झाका ना. आता कुठे धूर आहे?"

ती लगेच उठली नाही. तिने वर बघितलं, शेगडीकडे बघितलं. गोवऱ्या असत्या तर तिने मला वेड्यात काढलं असतं, कारण साणं झाकलं की खोलीत क्षणात डोळे फुटायची वेळ येते. कुणाही बाईला ते सांगावं लागत नाही. पण शेगडीतून काहीच निघत नव्हतं.

"खरं शे," ती म्हणाली. "झाकी देस मी. तू पडी ऱ्हाय."

डोक्यावर पोतं घेऊन ती भर पावसात शिडीने धाब्यावर चढली. साठीची बाई, कपाळावरचा व्रण अजून लाल. मला तिच्या पायांचा आवाज माथ्यावर ऐकू आला. तिने मोठी परात साण्यावर पालथी घातली आणि वर दगड ठेवला. थेंब थांबले. ती चिंब होऊन आत आली, दाराला अडसर घातला, फटीला गोधडी लावली आणि अंग शेकायला शेगडीला खेटून जमिनीवर बसली. मग तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "पोर निजनी का?" त्या घरात माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. मी हो म्हटलं. खोली उबदार झाली. आम्हा तिघींना झोप लागली.

मला जाग आली ती डोक्यात कुणी घण घालतंय अशी. तोंडात आंबट पाणी. उठायला गेले तर पाय माझे नव्हते. पोर माझ्या दंडावर होती, तिचा श्वास नीट कळत नव्हता. मी हाक मारली, "आत्याबाई!" ती भिंतीला टेकून बसली होती. तिचे गाल गुलाबी दिसत होते, तिच्या उभ्या आयुष्यात दिसले नसतील इतके. मला वाटलं, बाईला चांगली ऊब लागली आहे.

मी बाजेवरून पडले. पोरीला छातीशी धरूनच पडले, कोपर फुटलं. रांगत दारापर्यंत गेले. अडसर पावसाने फुगला होता, मला उचलेना. जवळ पाटा होता, सुंठ वाटायचा. मी वरवंटा घेतला आणि खालून अडसरावर मारायला लागले. एक, दोन, मधेच ओकले, पुन्हा मारलं. एक घाव माझ्या बोटांवर बसला, नख निघालं, ते मला संध्याकाळी कळलं. मी तोंडाने शिव्या देत होते. नवऱ्याला, देवाला, मेलेल्या पोराला, सगळ्यांना. शेवटी अडसर उडाला आणि मी दारासकट बाहेर चिखलात पडले.

पोर हलत नव्हती. मी तिला पावसात उताणी धरली आणि तिच्या तळपायांवर चापट्या मारल्या. मग गालांवर मारल्या. मग जोरात मारल्या, जशा मला मारायचे तशा. पाच दिवसांच्या लेकराला मी मारत होते. तिने तोंड उघडलं, पाऊस तोंडात गेला, ठसका लागला, आणि ती रडली. मी तिच्याबरोबर इतक्या मोठ्याने रडले की शेजारणी धावत आल्या.

एक शेजारीण आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "निजेल शे म्हातारी. चांगली निजेल शे." मग दुसरी गेली. ती बाहेर आलीच नाही, आतूनच तिने हंबरडा फोडला.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचला. त्याला वाटेतच कळलं होतं. अंगणात गाव जमलेलं, मधे तिरडी. त्याने आईचं तोंड बघितलं आणि तो आधी खोलीत धावला. मग शिडीवरून धाब्यावर चढला. वरून परात आणि दगड दोन्ही अंगणात येऊन आदळले.

"साणं कोनी झाकं?" तो वरूनच ओरडला. "कोनी झाकं साणं?"

शेजारची एक बाई म्हणाली की तुझी आईच चढली होती, मी पाहिलं. तो खाली उतरत होता तेवढ्यात सासरे त्याच्यापाशी पोहोचले. त्यांच्या हातात शिवळ होती, बैलाची मान जुवात अडकवायची ती लाकडी खुंटी. शिडी धरलेल्या उजव्या हातावर त्यांनी पहिला घाव घातला. तो खाली पडला. सासरे त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसले आणि तोच हात दगडावर धरून मारत राहिले. "याच हातनी आना कोयसा! याच हातनी!" बोटं मोडल्याचा आवाज आला. गावातलं कुणी पुढे झालं नाही. आई मारलेल्या मुलाला बाप मारतो आहे, यात कुणी पडायचं नसतं असं सगळ्यांनी ठरवलं असावं.

"मी सांगेल व्हतं!" नवरा किंचाळत होता. "साणं उघडं ठेवा, मी सांगेल व्हतं! इले ईचारा!"

सासरे थांबले. धापा टाकत उठले आणि माझ्याकडे आले. मी दाराशी बसले होते, पोर पदराखाली. आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं.

"यानी तुले साणं उघडं ठेवाले सांगेल व्हतं का?"

शिवळीला रक्त लागलं होतं. मला भीती वाटली, हे खरं आहे. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग झाकलं कुणाच्या सांगण्यावरून, आणि ती शिवळ माझ्यावर आणि पोरीवर येणार होती. पण नुसती भीती नव्हती. माझ्या जिभेला दाताच्या जागची खाच लागत होती. तो चिखलात पडून माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कुणाची तरी गरज पडलेली मी पहिल्यांदा पाहत होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मी पदराआड मान हलवली. नाही.

एक शब्दही बोलावा लागला नाही. सासरे वळले आणि पुन्हा गेले.

हाड बसवणाऱ्याने त्याचा हात बांधला, पण बोटं आत वळली ती कायमची. फावडं धरता येईना. जीन सुटली. तो शेतात राखण करायचा. मला त्याने पुन्हा कधी मारलं नाही. डाव्या हाताने मारता आलं असतं, पण मारलं नाही, ओरडलाही नाही. गाव त्याला मायमाऱ्या म्हणायचं, तोंडावर म्हणायचं, आणि तो ऐकून घ्यायचा. तू खोटं का सांगितलंस असं त्याने मला एकदाही विचारलं नाही. माझी समजूत अशी की त्याला स्वतःलाच शंका येऊ लागली होती. त्याने खरंच सांगितलं होतं, की नुसती शिवी दिली होती? मी ऐकलंच नसेल, असं त्याने धरलं असावं. घरात पुन्हा गोवऱ्या आल्या, धूर आला. मला आणखी दोन मुलं झाली, ती धुरातच वाढली. मी न मार खाता वर्षांमागून वर्षं काढली. ती वर्षं सुखाची होती. ती मी कशी मिळवली ते माहीत असूनही सुखाची होती, हेही लिहून टाकते.

सासरे वारले आणि मला कुणाची भीती उरली नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही जेवायला बसलो होतो. मुलगी आठ वर्षांची झाली होती, कुणीतरी तिला गोष्ट सांगितली असणार. घास तोंडात धरून ती बापाकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "बा, आजीमायले तू मारं ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, आरोप नव्हता. लेकीसमोर कुणीतरी आपल्या बाजूने दोन शब्द बोलावेत, एवढंच त्याला हवं होतं. मला त्याची फार कीव आली. खरं सांगायला माझं तोंड उघडलंही होतं.

"जेव गपचूप," मी पोरीला म्हटलं.

त्याने मान खाली घातली आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागला. मी त्याला आणखी एक वाढली.